राउटरची रोजकीर्द

माझे वडील गुळाच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. आधी शाहूपुरीत, मग मार्केट यार्डात. शाळेला सुट्टी लागली की मला गादीवर बसवून ते नोंदी मोठ्यानं वाचायला लावायचे. सकाळी कुणाचे किती रवे उतरले, सौदा कितीला फुटला, हमाली-तोलाई किती कापली, कुणी उचल नेली. जे ज्या क्रमानं घडलं ते त्याच क्रमानं रोजकीर्दीत. दुसऱ्या दिवशी बाजार भरायच्या आत त्याच नोंदी ज्याच्या त्याच्या खात्यावर उतरवायच्या, म्हणजे खतावणी. मला वाटायचं, एकच गोष्ट दोनदा कशाला लिहायची? वडील म्हणायचे, "कीर्द काय झालं ते सांगती, खतावणी कुणाचं काय झालं ते सांगती. एकीवर भागत न्हाई."

त्या धंद्याकडे मी वळलो नाही. कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलं आणि गेली वीसेक वर्षं कोल्हापूर आणि आसपासच्या कारखान्यांची, पतसंस्थांची, दवाखान्यांची नेटवर्क सांभाळतोय. पण राउटरच्या नोंदी उघडून बसलो की दर वेळी ती गादी आठवते. राउटरही रोजकीर्दच लिहितो. तार निघाली, शेजारचा राउटर दिसेनासा झाला, कुणी पासवर्ड चुकवला, पंखा थांबला, सेटिंग बदललं, असं जे घडेल ते एकेका ओळीत, घडलं त्या क्रमानं. त्याची खतावणी मात्र कुणी करत नाही. ती वाचणाऱ्यानं करायची असते, आणि हे पुस्तक त्या कामाविषयी आहे.

ते कुणासाठी आहे हे आधीच सांगून टाकतो. मोठमोठ्या कंपन्यांत चोवीस तास पडद्यासमोर बसणाऱ्या मंडळींना याची फारशी गरज नाही. माझ्या डोळ्यांसमोर आहे तो हिशेबनीस किंवा इलेक्ट्रिशियन, ज्याला मालकानं एक दिवस "तेवढं नेटचंही बघत जा" असं सांगितलं आणि तेव्हापासून तो बघतोय. पॉलिटेक्निकमधून नुकतीच बाहेर पडलेली पोरं आहेत, त्यांना सगळे आराखडे पाठ आहेत, पण खरी नोंद कधी दाखवलेली नाही. गल्लीबोळांतून फायबर ओढणारे केबलवाले आहेत. ग्राहकाचा फोन आला की ते "लॉस आलाय का बघा, लाल लाइट लागलीय का" हे विचारतात, आणि उत्तरावरून निम्मा बिघाड जागेवर बसून ओळखतात. हे सगळे नोंदी वाचतातच. त्याला वाचन म्हणतात हे फक्त कुणी त्यांना सांगितलेलं नाही. या विषयात यायला गणित लागत नाही, इंग्रजीही कामापुरतं चालतं. चिकाटी लागते, आणि थोडा संशयी स्वभाव असेल तर उत्तमच.

आता एक ओळ जवळून बघू. मुळात ती रोमन लिपीत येते. इथं देवनागरीत मांडतो.

<१८७>४२: *मार्च १ ००:०१:०७.३१५: %लिंक-३-अपडाउन: इंटरफेस फास्टइथरनेट४, चेंज्ड स्टेट टू अप

पहिल्यांदा बघणाऱ्याला हा मंत्र वाटतो. पण जुन्या पत्रांना जसा ठरलेला मायना असतो, तसाच हाही आहे. सुरुवातीच्या कोनी कंसातल्या १८७ मध्ये दोन आकडे एकत्र बांधलेले आहेत. त्याला आठानं भागायचं. तेवीस आठे एकशे चौऱ्याऐंशी, बाकी राहिले तीन. भागाकार तेवीस म्हणजे नोंद कुठल्या वर्गातली, आणि बाकी तीन म्हणजे तिची पातळी. तिसापर्यंत पाढे पाठ करून घेणाऱ्या आमच्या मास्तरांना तेवीसच्या पाढ्याचा हा उपयोग स्वप्नातही आला नसता. पुढचा ४२ हा राउटरनं पाठवलेल्या नोंदींचा क्रमांक. मग वेळ. टक्क्याच्या चिन्हानंतर तीन तुकडे: कुठल्या भागाविषयी बोलतोय, पातळी काय, आणि घटनेचं ठरावीक टोपणनाव. पातळीचा तीन इथं पुन्हा आला, कारण सिस्को कंपनीच्या राउटरांना ती दोन्हीकडे लिहायची सवय आहे. शेवटी माणसासाठी एक वाक्य: अमुक तार जोडली गेली.

या ओळीकडे मी पुन्हा येणार आहे. ती खरी आहे आणि तिनं मला महिनाभर चकवलेलं आहे.

ही पद्धत आली कुठून? १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत एरिक ऑलमन यांनी सेंडमेल हा पत्रं पोचवणारा प्रोग्रॅम लिहिला. तो काय करतोय हे कळावं म्हणून सोबत नोंदी ठेवायची एक सोय केली, तिचं नाव सिसलॉग. ती इतकी सोयीची निघाली की बाकीच्यांनी उचलली. गंमत म्हणजे तेव्हा कुणी तिचा नियमच लिहून ठेवला नाही. जो तो दुसऱ्याचं बघून करत गेला. चालत आलेली पद्धत कागदावर उतरली ती थेट ऑगस्ट २००१ मध्ये, आरएफसी ३१६४ या दस्तऐवजात. आणि रीतसर मानक झालं मार्च २००९ मध्ये, आरएफसी ५४२४. दुकान चाळीस वर्षं चालल्यावर भागीदारी पत्र करावं, त्यातला प्रकार. म्हणून वर्गांच्या यादीत आजही छपाईयंत्र आणि टपाल यांना मानाच्या जागा आहेत आणि राउटरला स्वतःची जागाच नाही. तो शेवटच्या 'लोकल ७' या मोकळ्या खोलीत राहतो. तीच ती तेवीस क्रमांकाची.

पातळ्या आठ, शून्य ते सात. शून्य सगळ्यांत वाईट, सात सगळ्यांत किरकोळ. इथं आपल्याकडची पोरं हमखास अडखळतात. जमिनीच्या प्रतवारीत अव्वल म्हणजे उत्तम. इथं आकडा जितका लहान तितका धोका मोठा. मी त्यांना दवाखान्यातल्या रांगेचं उदाहरण देतो: डॉक्टरनं आधी कुणाला आत घ्यायचं, त्याचा हा क्रमांक आहे.

शून्याला मी आणीबाणी म्हणतो, एकाला तातडी, दोनाला गंभीर. या तिन्ही पातळ्यांवर फार वेळ घालवत नाही, कारण त्या फार दिसतही नाहीत. यंत्रणा निकामी झाल्याची नोंद करायला यंत्रणा थोडी तरी शाबूत असावी लागते. दोनची एक ओळ मात्र ओळखून ठेवा: 'सिस-२-मॅलॉकफेल', म्हणजे राउटरला मागितलेली मेमरी मिळाली नाही. तीन म्हणजे बिघाड, चार म्हणजे इशारा. तारेच्या एका टोकाला देवाणघेवाणीची एक रीत आणि दुसऱ्या टोकाला वेगळी रीत बसली, की चारची 'डुप्लेक्स मिसमॅच' येते. नेट चालू असतं पण रडतखडत, आणि सगळे कंपनीला शिव्या देत बसतात. सहा म्हणजे निव्वळ माहिती. सात तपासणीसाठी, ती आपण मागितल्याशिवाय येत नाही. आणि मागताना सांभाळून. भर कामाच्या वेळी, सेकंदाला ९६०० बिटांच्या संथ कन्सोलवर, सगळी तपासणी एकदम सुरू केली तर राउटर बिचारा लिहिण्यातच गुंततो आणि त्याचं खरं काम बाजूला राहतं. हे प्रत्येकजण आयुष्यात एकदा करतो.

आणि पाच. पाचाला मूळ नाव 'नोटिस'. व्यवहार नेहमीचाच, पण लक्षात ठेवण्याजोगा. मला विचाराल तर सगळी मजा आणि सगळा धोका या पाचात आहे. एक उदाहरण देतो. 'सिस-५-कॉन्फिग_आय' ही ओळ सांगते की कुणीतरी आत येऊन सेटिंग बदलण्याच्या खोलीत शिरून बाहेर पडलं. आलं कुठून आणि कुठल्या नावानं, तेही सांगते. यंत्राच्या दृष्टीनं यात काळजीचं काहीच नाही. मालकानं कुलूप उघडलं, आत गेला, बाहेर आला. पण ही ओळ रात्री पावणेबाराची असेल, त्या वेळी कार्यालय बंद असेल आणि तुम्ही घरी जेवून झोपला असाल, तर महिनाभरातल्या सगळ्या तीन आणि चारच्या ओळींपेक्षा हीच भारी. तसंच शेजारी राउटरशी बोलणं तुटल्याची 'ओएसपीएफ-५-एडीजेसीएचजी'. शाखा मुख्य कार्यालयापासून तोडली गेली, काउंटरवर खातेदार ओरडतायत, आणि यंत्राच्या लेखी ती पाच.

असं का होतं? कारण पातळी घटना घडताना ठरत नाही. ती कित्येक वर्षं आधी, दूरच्या कुठल्या तरी शहरात, प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसानं ठरवून ठेवलेली असते. त्याला त्याचं यंत्र माहीत होतं, तुमचा कारखाना माहीत नव्हता. वरच्या ओळीतच बघा: तार जोडली गेली ही चांगली बातमी, पण तिच्यावरही तीनचा, म्हणजे बिघाडाचा, शिक्का आहे; कारण 'अपडाउन' या टोपणनावाला तीन दिलेला, मग ते अप असो की डाउन. आणि कंपनी बदलली की निवाडाही बदलतो. आपल्याकडच्या केबलवाल्यांचा आवडता लाटवियाचा मायक्रोटिक राउटर तार निघाल्याची बातमी 'इंटरफेस, इन्फो' अशी देतो, म्हणजे निव्वळ माहिती. पासवर्ड एकदा चुकला की मात्र तो 'सिस्टिम, एरर, क्रिटिकल' असा ओरडतो. तीच तार, तीच घटना. एकाच्या लेखी बिघाड, दुसऱ्याच्या लेखी गप्पा. यात लबाडी कुणाचीच नाही. आरएफसी ५४२४ मध्येच वर्ग आणि पातळ्यांचे आकडे बंधनकारक नाहीत, बहुधा वापरले जातात, असं मोकळेपणानं म्हटलेलं आहे. एवढं वाक्य माझ्या शिक्षकांनी पहिल्या दिवशी वाचून दाखवलं असतं तर माझी दोन-तीन वर्षं वाचली असती.

'सिव्हिअरिटी'ला मराठीत काय म्हणावं याचा बराच घोळ मी घातला. तीव्रता म्हटलं की भूकंप आठवतो, गांभीर्य म्हटलं की शोकसभा. शेवटी पातळी हाच शब्द ठेवला, कारण कोल्हापुरात पातळी म्हटलं की ती नदीचीच. जुलै-ऑगस्टमध्ये इथं दोन माणसं भेटली की "किती फूट?" हा पहिला प्रश्न असतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत. जुनी माणसं त्याच्याही आधीपासून शिवाजी पुलाकडे बघून मच्छिंद्री झाली की नाही, म्हणजे पाणी पुलाच्या ठरलेल्या खुणेला लागलं की नाही, ते सांगतात. त्यांना फुटांची गरज लागत नाही.

आता हे आकडे लोक वाचतात कसे ते बघा. सुतारवाड्यातला माणूस ४३ ची वाट बघत बसत नाही. त्याची गाठोडी आधीच बांधून झालेली असतात. प्रयाग चिखली आणि आंबेवाडीतले लोक जनावरं कधी हलवायची ते स्वतःच्या हिशेबानं ठरवतात. आणि उंचावरच्या राजारामपुरीत तोच आकडा चहाबरोबर ऐकायची बातमी असते. बंधाऱ्यावरचा आकडा एकच आणि तो बरोबरही आहे, पण त्याचं वजन गल्लीगणिक वेगळं. शिवाय शहाणा माणूस नुसता आकडा विचारत नाही. गेला एक फूट चढायला किती तास लागले, हे विचारतो. राधानगरीचे सातांपैकी किती दरवाजे उघडले, हे विचारतो. ते दरवाजे स्वयंचलित आहेत, तलाव भरला की आपोआप उघडतात, आणि तिथून सुटलेलं पाणी भोगावतीतून शहराशी यायला काही तास घेतं. म्हणजे तिकडची एक नोंद वाचून इकडचा आकडा आधीच ओळखता येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला. जुलै २०२१ मध्ये तो पुन्हा बंद पडला. त्या दिवसांत सगळं शहर नोंदी वाचत होतं. फक्त त्याला लॉग अ‍ॅनालिसिस म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

राउटरच्या बाबतीत हेच करायचं. ओळीवरचा आकडा मान्य करायचा, पण वजन आपण ठरवायचं. एक तार तासात एकदा निघाली की तीन. चाळीस वेळा निघाली-जोडली गेली तरी प्रत्येक ओळ तीनचीच. पोरं ज्याला "लिंक फ्लॅप होतेय" म्हणतात ते एका ओळीत कुठंच लिहिलेलं नसतं, ते ओळी मोजल्यावर दिसतं. मोजणं म्हणजेच खतावणी: यंत्रावार, तारेवार, तासावार. पुस्तकातलं दुसरं आणि तिसरं प्रकरण मी सगळं त्यालाच दिलं आहे. वाचताना कंटाळा येईल, पण ती दोन प्रकरणं गाळू नयेत.

आता ती ओळ.

जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत एक फाउंड्री आहे. रात्रपाळीत तिथलं नेट जायचं आणि पाच मिनिटांत यायचं. सकाळी डिस्पॅचवाला तक्रार करायचा, तोवर सगळं सुरळीत. सेवा देणाऱ्यांना फोन केला की "आमच्याकडून लिंक ओके आहे." राउटरच्या नोंदी कार्यालयातल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर जमा होत होत्या. पण जागा वाचावी, उगाच कचरा येऊ नये, म्हणून मी चाळणी लावून ठेवली होती: पातळी शून्य ते चार एवढंच पाठव. महिनाभराच्या नोंदी काढल्या तर साठेक ओळी. मी वरवर चाळल्या, तार जोडली गेली, जोडली गेली, जोडली गेली. चांगलीच बातमी. फाइल बंद केली.

माझ्याकडे तेव्हा एक पोरगा नवीन लागला होता. त्यानं ती फाइल पुन्हा उघडली, बोट ठेवत खालीपर्यंत गेला आणि म्हणाला, "सर, ह्यो रोज घरात येतोय, पण भाईर जाताना कुणी बघितलाच न्हाई."

साठ ओळी 'अप'च्या, एकही 'डाउन' नाही. तार निघाली असती तर राउटरनं आधी तसं लिहिलं असतं, कारण तीही ओळ तीनचीच, चाळणीतून सुटणारी. लिहिलं नाही, याचा अर्थ लिहिणाराच त्या क्षणी मेलेला होता. मग बाकीचं उलगडत गेलं. तारखेआधी ते छोटं चांदणीचं चिन्ह आहे ना? राउटर त्यातून सांगतो की माझ्या घड्याळावर विश्वास ठेवू नका. आणि घड्याळ रोज १ मार्चच्या मध्यरात्रीनंतर एक मिनिट दाखवत होतं. ज्या राउटरला घड्याळासाठी बॅटरी नसते, त्या जुन्या सिस्को राउटरचा जन्म प्रत्येक वेळी १ मार्चलाच होतो. नोंदीचा क्रमांकही दर वेळी पन्नासच्या आत. म्हणजे हा रोज नव्यानं जन्माला येत होता. 'मी पुन्हा सुरू झालो' ही ओळही तो इमानदारीनं लिहीत होता: 'सिस-५-रीस्टार्ट'. पाचची. माझ्या चाळणीत अडकलेली.

खरी वेळ मिळाली ती नोंदी घेणाऱ्या कॉम्प्युटरच्या शिक्क्यावरून. तो लॅपटॉप होता, स्वतःच्या बॅटरीवर तगून राहायचा. सगळे पुनर्जन्म रात्री साडेदहा ते अकरा आणि दोनच्या सुमाराला. फोरमनला विचारलं तर तो हसला. त्याच वेळी भट्टीला पूर्ण लोड देतात. कार्यालयातले दिवे मंद होतात, सगळ्यांना माहीत आहे. राउटर यूपीएसवर होता, पण त्या यूपीएसची बॅटरी कधीच गेली होती. नवी बॅटरी बसवली आणि प्रकरण मिटलं. चाळणी माझी होती आणि फाइल बंद करणाराही मीच, त्यामुळे दोष कुणाच्या माथी मारायची सोय राहिली नाही.

या एका प्रसंगात विषयातली जवळपास सगळी खुबी आहे. न आलेली नोंद हीसुद्धा नोंद असते. जमाखर्चात ज्याला ताळा जुळत नाही म्हणतात, तेच. याच बर्कली गावात, लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत, १९८६ च्या ऑगस्टमध्ये क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाला संगणक वापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत सापडली. दुसऱ्या कुणी ती किरकोळ म्हणून सोडली असती. त्यानं नोंदी धरून पाठलाग केला, तो थेट जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत, आणि केजीबीला माहिती विकणारा एक घुसखोर हाती लागला. माझ्या वडिलांना मी ही हकिकत सांगितली तेव्हा त्यांना काहीच नवल वाटलं नाही. चार आण्यांसाठी रात्री अकरापर्यंत दिवाणजी बसलेले त्यांनी पाहिले होते.

घड्याळाविषयी अजून थोडं, कारण नवख्यांची निम्मी चुकामूक तिथं होते. बरीच यंत्रं जागतिक वेळ लिहितात, आपण साडेपाच तास पुढे. नोंदीत रात्रीचे ८:४५ दिसले तर इथं मध्यरात्र उलटून सव्वादोन झालेले असतात, आणि तारीखही उद्याची. दोन यंत्रांची घड्याळं जुळत नसतील तर आधी काय घडलं आणि नंतर काय, हेच उलटं लागतं. धरणाचे दरवाजे उघडायच्या आधी शहरात पूर आला असा निष्कर्ष निघायचा. हा आता नुसत्या शिस्तीचा प्रश्न राहिलेला नाही. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढला. त्यानुसार सेवा देणाऱ्यांनी आणि कंपन्यांनी आपली घड्याळं राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या घड्याळांशी, जुळवायची, नोंदी १८० दिवस जपायच्या आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवायची. हा आदेश मी पुष्कळ छोट्या कार्यालयांत सांगतो आणि दर वेळी तेच ऐकतो: "एवढ्या नोंदी ठेवून वाचणार कोण?" प्रश्न रास्त आहे.

ठेवायच्या कुठं, हेही नीट ठरवावं लागतं. राउटर स्वतःच्या मेमरीत लिहितो ते पाटीवर लिहिल्यासारखं. जागा भरली की जुनं पुसून नवं, आणि वीज गेली की पाटी कोरी. म्हणून दुसऱ्या यंत्राकडे पाठवायच्या. जुनी रीत यूडीपी ५१४ ची, म्हणजे साधं पोस्टकार्ड. टाकलं की आपलं काम संपलं. पोचलं का, याची पोच येत नाही. वाटेत कुणी वाचलं तरी कळत नाही. रजिस्टर टपालासारखी बंदोबस्ताची वाट नंतर आली, ६५१४ या दारानं. आणि एक पेच कुठल्याच टपालानं सुटत नाही. तार तुटल्याची चिठ्ठी त्याच तारेवरून जायची असेल तर ती जाणार कशी? त्यासाठी नोंदी घेणारं यंत्र तारेच्या अलीकडे, आपल्याच कार्यालयात, हवं. पुरात हे फार जणांना महागात शिकावं लागलं.

पुस्तकात काय नाही, तेही सांगतो. नोंदी आपोआप वाचून रंगीत आलेख काढणारी महागडी सॉफ्टवेअरं यात नाहीत. ती चांगली आहेत, मीही वापरतो. पण ज्यानं कधी हातानं कीर्द खतवली नाही, त्याच्या हाती तयार ताळेबंद दिला तर चूक कुठं आहे हे त्याला शोधता येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेला नोंद दाखवून अर्थ विचारणारी पोरं आता माझ्याकडे येतात. ती सांगते ते बहुधा बरोबरही असतं. भट्टीला लोड किती वाजता देतात, हे तिला माहीत नसतं.

वाचायला सुरुवात कशी करावी? माझी पद्धत जुनाट आहे. आपल्याच राउटरच्या एका दिवसाच्या नोंदी कागदावर छापून घ्या. दिवस साधा, काहीही न बिघडलेला निवडा. त्या दिवशी कुठल्या ओळी किती वेळा आल्या ते हातानं मोजा. हे आपल्या घराचं रोजचं बोलणं. ते कानात बसलं की नवा आवाज आपोआप खटकतो. लाल पेन्सिल फक्त दोन गोष्टींसाठी वापरा: ज्या ओळीची जोडीदार ओळ सापडत नाही ती, आणि ज्या वेळी कुणीच जागं नसावं त्या वेळची. पातळीच्या आकड्यावर पहिल्या दिवशी खूण करू नका. चाळणी लावायचीच असेल तर आधी आठवडाभर सगळं येऊ द्या, मग काय टाळायचं ते ठरवा. आणि काय टाळलं ते तारखेसकट एका कागदावर लिहून राउटरच्या पेटीला आतून चिकटवा. तुमच्यानंतर येणाऱ्याला ते लागेल.

पहिल्या प्रकरणाच्या शेवटी सरावाला म्हणून त्या फाउंड्रीच्या साठही ओळी छापल्या आहेत, फक्त पत्ते बदलून. ज्यानं बोट ठेवून त्या वाचल्या तो पोरगा आता बंगळूरला एका मोठ्या कंपनीत रात्रपाळीत नोंदीच वाचतो. या पुस्तकाचा कच्चा खर्डा त्यानंच तपासला आणि पाचव्या पातळीचं प्रकरण सगळ्यांत मोठं करायला लावलं. वडिलांची एक रोजकीर्द माझ्या कपाटात आहे. तिच्यातलं एक पान मुखपृष्ठासाठी घेतलं आहे. त्यात दुपारच्या एका नोंदीपुढे त्यांनी शाईनं बारीकशी फुली केलेली दिसेल. ती कशाबद्दल आहे हे मला अजून लागलेलं नाही.

कोल्हापूर
नागपंचमी